जुन्या संगणकाचा संसार
(हलक्या लिनक्स-प्रणालीचें रूप व साधनें कशीं निवडावीं?)

नव्या घरांत राहावयास जाणारें कुटुंब पहिल्याच दिवशीं चूल कोठें मांडावी, पाण्याचा हंडा कोठें ठेवावा आणि दिवा कोणत्या कोनाड्यांत लावावा हें ठरवितें. मागाहून या वस्तु हलवितां येतात. पण बहुधा त्या हलत नाहींत. हंडा जेथें ठेविला तेथेंच तो वर्षानुवर्षें राहतो, आणि धाकट्या मुलाचा हात त्याला पोहोंचतो कीं नाहीं, हा प्रश्न त्या पहिल्या दिवशींच निकालांत निघालेला असतो.

संगणकाच्या संसाराचीही हीच गोष्ट आहे. एकादी प्रणाली संगणकावर बसविली म्हणजे जें रूप व जीं साधनें न मागतां समोर येतात, त्यांस ‘डिफॉल्ट’ असें म्हणतात. या लेखांत आम्ही त्यांस ‘आरंभींची मांडणी’ म्हणूं. ही मांडणी बदलण्याची मुभा प्रत्येकास असते. परंतु पुष्कळजण ती कधींच बदलीत नाहींत. कित्येकांस ती बदलतां येते हेंच ठाऊक नसतें. म्हणून मांडणी करणारा मनुष्य दुसऱ्यांच्या वतीनें निवड करीत असतो, आणि ती त्यानें कोणास डोळ्यांपुढें ठेवून करावी, हाच या पाठाचा विषय होय.

विषय यंदाच निवडण्यास कारण आहे. विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्या पुढील विंडोज ११ या प्रणालीस निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था लागते. ज्या यंत्रांत हें नाहीं त्यांस मालक निरुपयोगी समजूं लागतात. वस्तुतः त्यांतील पुष्कळ यंत्रें धडधाकट असतात. तीं भंगारांत घालावीं, कीं एकाद्या डोंगरी गांवच्या मुलांच्या हातीं द्यावीं?

समजा, अशीं पांच यंत्रें पासलीस नेलीं. पासली हें वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवरचें गांव. आषाढांत तेथें ढग डोंगरावरून खालीं उतरतात आणि भर दुपारीं अंधारून येतें. अशा मुलखांत वीज व इंटरनेट यांचा भरंवसा शहराइतका धरतां येत नाहीं. कांहीं अडल्यास दुरुस्त करणारा मनुष्य हांकेच्या अंतरावर नसतो. या पांच यंत्रांवर काय घालावें? हें उदाहरण आपण शेवटपर्यंत समोर ठेवूं.

१. वितरण आणि वजन

लिनक्स हा संगणक-प्रणालीचा गाभा होय. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्स यानें तो १९९१ सालीं तयार करावयास घेतला. परंतु नुसत्या गाभ्यानें कोणाचें काम होत नाहीं. त्यावर पडद्याची मांडणी, लिहिण्याचीं साधनें, टंक, कळफलक इत्यादि सर्व सामग्री रचून जो संच तयार होतो त्यास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन हें वितरण १९९३ पासून व उबुंटू हें २००४ पासून चालत आलें आहे. गाभा एकच, पण संसार निरनिराळे.

आतां ‘हलकें’ म्हणजे काय तें पाहूं. संगणकाची रॅम म्हणजे विद्यार्थ्याचें लिहिण्याचें मेज, आणि डिस्क म्हणजे त्याचें फडताळ. फडताळ मोठें असलें तरी एका वेळीं मेजावर मावेल तेवढ्याच वह्या उघडतां येतात. मेज लहान असतां त्यावर आधींच फुलदाणी व तसबिरी मांडून ठेविल्या, तर वहीस जागा उरत नाहीं. जी प्रणाली स्वतःकरितां मेजाचा थोडाच भाग अडवते आणि उरलेला विद्यार्थ्यास मोकळा ठेवते, ती हलकी. २ जीबी रॅमच्या यंत्रावर हा भेद पदोपदीं जाणवतो.

२. खैराटचा दाखला

अशी निवड महाराष्ट्राच्या एका डोंगरी शाळेंत पूर्वीं प्रत्यक्ष होऊन गेली आहे. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत खैराट नांवाचें गांव आहे. तेथील धनगरवाड्याच्या शाळेंत २००७ सालीं ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतांतील पहिला प्रयोग सुरू झाला. शाळा एका खोलीची, शिक्षक एक, आणि पहिली ते चौथीचीं मुलें एकाच छपराखालीं. प्रत्येक मुलाच्या हातीं ‘एक्सओ’ नांवाचा लहानसा लॅपटॉप देण्यांत आला. त्यांत रॅम अवघी २५६ एमबी आणि साठवण १ जीबी होती. पडदा मात्र असा होता कीं भर उन्हांतही त्यावरील अक्षर वाचतां यावें.

त्यावर फेडोरा या वितरणाच्या आधारानें रचलेली लिनक्स-प्रणाली असून तिचें दर्शनी रूप ‘शुगर’ या नांवाचें होतें. शुगर रचणारांनीं कचेरींतील कारकुनाची मांडणी मुलांस दिली नाहीं. पडद्याच्या मध्यभागीं मुलाची खूण आणि तिच्याभोंवतीं लेखन, चित्र, गणित, छायाचित्र इत्यादि उद्योगांचीं चिन्हें, एवढाच संसार. जो उद्योग उघडावा तो सगळा पडदा व्यापीत असे. केलेलें काम ‘दैनंदिनी’ नांवाच्या नोंदवहींत आपोआप जपून ठेविलें जाई. ‘जतन करा’ ही आज्ञा मुलानें लक्षांत ठेवण्याचें कारण नव्हतें. लेखनाचें साधनही ‘अ‍ॅबीवर्ड’ या हलक्या लेखनिकेवरून बेतलेलें होतें.

या दाखल्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली ही कीं, यंत्र दुबळें असलें म्हणून मांडणी कळाहीन असावी लागते असें नाहीं. कोणासाठीं मांडावयाचें हें ठरलें म्हणजे थोडक्यांतही नेटका संसार होतो. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. याच योजनेचा पेरू देशांतील शाळांमध्यें अभ्यास झाला, आणि इंटर-अमेरिकन विकास बँकेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत मुलांच्या गणितांत व भाषेंत प्रगति झाल्याचा पुरावा आढळला नाहीं. उत्तम मांडणी शिक्षकाची जागा घेऊं शकत नाहीं. ती फार तर शिक्षकाच्या वाटेंतील खडे दूर करते. आपल्या पांच यंत्रांकडूनही याहून अधिक अपेक्षा करूं नये.

३. रूप कसें असावें?

लिनक्सचें दर्शनी रूप ज्या संचानें ठरतें त्यास ‘डेस्कटॉप’ म्हणतात. ग्नोम हा डेस्कटॉप भरदार, पण मेजाची बरीच जागा घेणारा. १९९६ पासून चालत आलेला एक्सएफसीई आणि अलीकडचा एलएक्सक्यूटी हे दोन हलके गणले जातात. त्यावर रंग, कडा, चिन्हें व पार्श्वचित्र यांची जी सजावट चढवितात ती ‘थीम’ होय.

केवळ वजन पाहून निवड केली तर पुरेसें होतें काय? डेबियनच्या मंडळींस हा प्रश्न पडला होता. २०१२ सालीं त्यांनीं आरंभींचा डेस्कटॉप म्हणून ग्नोमच्या जागीं एक्सएफसीई ठेवून पाहिला; सर्व सामग्री एका सीडींत मावावी हें त्यांतील एक प्रमुख कारण होतें. परंतु २०१४ सालीं ते पुनः ग्नोमकडे वळले, आणि त्या निर्णयाच्या कारणांत एक कारण असें होतें कीं, अंध व अपंग वापरणारांस लागणाऱ्या सोयी ग्नोममध्यें अधिक चांगल्या होत्या. या उदाहरणाचें मर्म लक्षांत घ्यावें. तराजूच्या एका पारड्यांत वजन असतें तर दुसऱ्या पारड्यांत मनुष्य असतो. पासलीच्या पांच यंत्रांपैकीं एकावर मंद दृष्टीचा मुलगा बसणार असेल, तर मोठें अक्षर, ठळक बाण व पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारें साधन यांस अगोदर जागा द्यावी आणि मग उरलेली काटकसर करावी.

दुसरा दाखला उबुंटूचा. २०१० सालीं उबुंटूनें खिडकी मिटण्याचीं व लहानमोठी करण्याचीं बटणें उजव्या कोपऱ्यांतून डाव्या कोपऱ्यांत नेलीं. बटणें तींच, कामही तेंच. तरी वापरणारांत मोठी कुरकुर झाली, आणि २०१७ च्या आवृत्तींत तीं पुनः उजवीकडे आलीं. लोकांची संवय हेंही एक धन आहे. सबळ कारणावांचून तें खर्ची घालूं नये. ज्यानें चुलत्याच्या घरीं वा तालुक्याच्या कचेरींत संगणक पाहिला आहे, त्यास आपलें यंत्र परकें वाटूं नये म्हणून खालीं एक पट्टी, डाव्या कोपऱ्यांत यादीचें बटण व उजव्या कोपऱ्यांत घड्याळ, अशी ओळखीची मांडणी बरी.

रंगांविषयीं नियम थोडेच आहेत. अक्षर व पार्श्वभूमि यांत स्पष्ट भेद असावा. करड्यावर करडें अक्षर शहरांतील उजळ खोलींत शोभतें, पण जुन्या मंदावलेल्या पडद्यावर तें दिसेनासें होतें. पार्श्वचित्र साधें व एकरंगी असावें, म्हणजे चिन्हें त्यांत हरवत नाहींत. खिडक्यांच्या छाया, पारदर्शक कडा व सरकत येणाऱ्या याद्या मिटून ठेवाव्या. त्यांच्या अभावीं कोणाचें काम अडत नाहीं, आणि जुन्या यंत्राचे श्रम वांचतात. चिन्हांखालीं नांव अवश्य असावें. पेन्सिलीचें चित्र पाहून ‘लिहिणें’ कीं ‘चित्र काढणें’, हें मुलास कसें कळावें?

४. अक्षर आणि कळफलक

आमच्या मतें मराठी शाळेच्या मांडणींत रूपाहूनही अक्षराकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. याद्या व आज्ञा मराठींत दिसाव्या, हें तर झालेंच. पण टंक नीट नसेल तर मराठी असूनही वाचवत नाहीं.

टंकाची परीक्षा करण्यास कांहीं शब्द पुरेसे आहेत. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे लिहून पाहावे. त्यांतील र नीट जोडला जातो कीं सुटा पडतो, तें पाहावें. मग ‘ॲप’ हा शब्द लिहावा. त्यांतील आरंभींचें अक्षर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें; त्यापूर्वींच्या टंकांत त्या ठिकाणीं रिकामा चौकोन दिसतो. शेवटीं ‘शाळा’ व ‘लाल’ लिहावे. श व ल यांचीं मराठी वळणें हिंदी वळणांहून निराळीं आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठीची प्रमाण लिपि ठरवून दिली आहे. वहींत एक वळण व पडद्यावर दुसरें, असें झालें तर पहिलीचें मूल गोंधळतें. रेड हॅटनें मोकळा केलेला ‘लोहित’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हे दोन टंक विनामूल्य मिळतात. ते या शब्दांवर घांसून पाहावे आणि आपल्या पडद्यावर जो सुवाच्य दिसेल तो ठेवावा. आकार मात्र नेहमींपेक्षां एक पायरी मोठा असावा.

कळफलक आरंभापासून दोन असावे, एक इंग्रजी व एक मराठी. आणि सध्यां कोणता चालू आहे तें पट्टीवर दिसावें. मराठीकरितां इन्स्क्रिप्ट ही रचना निवडावी असें आम्ही सुचवितों. ती १९८६ सालीं सरकारनें प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजनें बहुतांशीं उजव्या हाताकडे आहेत. क व ख, ग व घ अशा जोड्या एकेका कळीवर बसविल्या आहेत. ज्यास बाराखडी येते त्यास ती रचना समजावयास इंग्रजी येण्याची गरज नाहीं. रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्याची पद्धति प्रथम सोपी वाटते, पण तिच्यासाठीं मुलास आधीं इंग्रजी वर्णांचे उच्चार पाठ करावे लागतात. ज्यांस ती हवी असेल त्यांच्यासाठीं ती यादींत खुशाल असावी. पहिली मात्र इन्स्क्रिप्ट असावी.

या कामीं पुण्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिपींच्या संगणकीय लेखनासाठीं दीर्घकाळ काम केलें, आणि २००७ पासून भारतीय भाषांना वाहिलेली, डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही लिनक्स-प्रणालीही पुरविली.

५. साधनें किती व कोणतीं?

येथें एकच सूत्र ध्यानांत ठेवावें. एका कामास एक साधन. दोन लेखनिका, तीन ब्राउझर व चार वादक ठेविल्यानें संसार संपन्न होत नाहीं; मुलास मात्र प्रत्येक वेळीं निवड करीत बसावें लागतें. आमची सूचना येणेंप्रमाणें :

लेखन व हिशेब : लिब्रेऑफिस. हें जड आहे, हें आम्ही जाणतों. अ‍ॅबीवर्ड व ग्न्यूमेरिक हीं हलकीं साधनें लुबुंटूच्या आरंभींच्या मांडणींत पुष्कळ वर्षें होतीं. २०१८ च्या १८.१० या आवृत्तींत त्यांच्या जागीं लिब्रेऑफिस आलें. बाहेरून आलेला अर्ज वा प्रश्नपत्रिका जशीच्या तशी उघडली जावी, ही सोय थोड्या वजनाच्या मोबदल्यांत घेण्याजोगी आहे.

टिपणें : माऊसपॅड किंवा फेदरपॅड. क्षणार्धांत उघडतें.

ब्राउझर : फायरफॉक्स. सर्वांत अधिक मेज हेंच अडवितें. दोषही बहुधा ब्राउझरचा नसून आजच्या अवजड पानांचा असतो. एका वेळीं थोडींच पानें उघडावीं, ही शिस्त मुलांस लावावी.

वाचन : पीडीएफ पाहण्यासाठीं एक हलकें साधन, आणि त्याजोडीला ‘किविक्स’. किविक्सच्या योगानें विकिपीडिया एकदां उतरवून घेऊन इंटरनेटवांचून वाचतां येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालूं आहे. जेथें जोडणी वारंवार तुटते तेथें हें साधन ग्रंथालयाचें काम करील.

खेळ व अभ्यास : लहानांस चित्रासाठीं टक्स पेंट व खेळांतून शिकण्यासाठीं जीकॉम्प्रिस, मोठ्यांस भूमितीसाठीं जिओजेब्रा.

गाणीं व चित्रपट : व्हीएलसी.

मुख्य पडद्यावर पांच-सहा चिन्हें पुरेत. बाकीचीं यादींत असावीं. आणखी दोन सोयी न दिसणाऱ्या पण मोलाच्या आहेत : लेखनिकेनें दर कांहीं मिनिटांनीं काम आपोआप जपावें, आणि एकादी मांडणी बिघडल्यास ती पहिल्यासारखी करण्याची कृति यंत्राशेजारीं कागदावर लिहिलेली असावी. वीज जाते तेव्हां पहिल्या सोयीचें महत्त्व कळतें. शिक्षक बदलतो तेव्हां दुसरीचें.

६. मांडणीची पारख

मांडणी बरी कीं वाईट हें ती करणारानें ठरवूं नये, कारण त्यास सर्व वाटा ठाऊक असतात. पांचवींतील एक मूल व कधीं संगणक न वापरलेलें एक वडील माणूस यांस यंत्रासमोर बसवावें. तीन कामें सांगावीं : आपलें नांव मराठींत लिहा, तें जपून ठेवा, यंत्र बंद करा. मग आपण मागें उभें राहून तोंड मिटून पाहावें. बोट कोठें अडखळतें, नजर कोठें भिरभिरते, तें टिपून घ्यावें. जेथें दोघेंही अडलीं तेथें दोष मांडणीचा समजावा, माणसाचा नव्हे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुनः पाहावें. अनेक गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. प्रत्येक बदलाचें कारण वहींत एका ओळींत लिहून ठेवावें.

कोणी म्हणेल, ‘ज्याचें त्यानें निवडावें, दुसऱ्यानें आधीं ठरविण्याचा अधिकार काय?’ आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच बदलण्याची वाट कुलूपबंद करूं नये. रंग, टंक, पार्श्वचित्र हीं ज्यास बदलावयाचीं त्यानें बदलावीं. त्यांतूनच मुलें शिकतात. परंतु कांहींच न ठरवितां यंत्र पुढें ठेवणें म्हणजे स्वातंत्र्य देणें नव्हे. जाणत्यास तें स्वातंत्र्य वाटेल, नवख्यास तो अंधार वाटेल.

७. पालकांस दोन शब्द

‘नोकरीच्या ठिकाणीं विंडोज असतें; मग आमचें मूल मागें पडणार नाहीं काय?’ असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो विचारण्याजोगा आहे. एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम पुष्कळ ठिकाणीं विंडोजवरच शिकविले जातात, हें खरें. म्हणून संधि मिळेल तेव्हां मुलांनीं तेंही पाहून घ्यावें. परंतु परिच्छेद पाडणें, कोष्टक मांडणें, फाईल नीट नांव देऊन ठेवणें, दोन्ही हातांनीं मराठी टंकणें, या विद्या एका प्रणालीच्या मालकीच्या नाहींत. ज्या मुलाच्या हाताखालीं चालतें यंत्र आहे तें त्या शिकतें. ज्याच्यापाशीं यंत्रच नाहीं तें कोणत्याही प्रणालींत मागेंच राहतें. तेव्हां घरांतील जुना संगणक भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्याची रॅम किती व प्रक्रियक ६४-बिटी आहे काय, एवढें पाहावें. ६४-बिटी असल्यास निवड सोपी आहे. ३२-बिटी यंत्रांकरितां मात्र वितरणें कमी होत चाललीं आहेत. डेबियननेंही २०२५ च्या तेराव्या आवृत्तींत त्यांवर नव्यानें बसविण्याची सोय बंद केली. शक्य असल्यास जुन्या डिस्कच्या जागीं लहानशी एसएसडी बसवावी. तेवढ्यानेंच यंत्राची गति वाढते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें प्रणाली रचाल, कोणी शिक्षक व्हाल, कोणी घरच्या वडिलांचा फोन लावून द्याल. प्रत्येक वेळीं तुम्ही दुसऱ्याच्या संसाराची आरंभींची मांडणी करीत असाल. त्या वेळीं आपणांस काय आवडतें हें मागाहून विचारावें, आणि जो सर्वांत नवखा, ज्याचें यंत्र सर्वांत दुबळें व ज्याची नजर सर्वांत मंद, त्याचा हात हंड्यापर्यंत पोहोंचतो काय, हें आधीं पाहावें. त्याचा पोहोंचला म्हणजे इतरांचा पोहोंचतोच.

अभ्यास
१. आपल्या घरच्या वा शाळेच्या संगणकाच्या मुख्य पडद्यावरील चिन्हें मोजा. गेल्या महिन्यांत त्यांपैकीं किती वापरलीं?
२. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘शाळा’, ‘लाल’ हे शब्द तीन निरनिराळ्या टंकांत लिहून तुलना करा.
३. घरांतील एका वडील माणसास वर सांगितलेलीं तीन कामें करावयास सांगा व तीं कोठें अडलीं तें लिहून आणा.